हॉस्पिटलचं बेंचमार्किंग करताना तुलना कोणाशी करायची?

नागपूरला धंतोलीत ४० बेडचं हॉस्पिटल आहे, मी अकाउंट्स बघतो. मोठ्या सरांनी पुण्यातल्या कुठल्याशा हॉस्पिटलचे आकडे आणले अन म्हणून राहिले की त्यांचा पगारखर्च उत्पन्नाच्या मानानं कमी आहे, तर आपणही नर्सेस कमी करू. मला काही पटून नाही राहिलं, पण सांगू कसं?

उत्तर १: पुण्याशी कायले तुलना भाऊ! त्यांच्याकडे कॅश पेशंट, तुमच्याकडे सरकारी योजनेचे असतील तर पॅकेजचे रेट ठरलेले, उत्पन्न कमी म्हणून पगाराचा टक्का आपोआप फुगते. टक्का सोडा, भरलेल्या बेड-दिवसामागे खर्च काढा. महिन्याचे ४० गुणिले ३० म्हणजे १२०० बेड-दिवस, त्यातले ७८० भरले तर ऑक्युपन्सी, म्हणजे भरलेले बेड, ६५ टक्के, मग महिन्याचा पगार भागिले ७८०. आयसीयू वेगळा धरा, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटपाशी एक नर्स लागतेच.

उत्तर २: मी बिलिंगला आहे. आमच्याकडेही स्टाफ कापायचं चाललं होतं, मग डिस्चार्जपासून क्लेम (पैशासाठी योजनेकडे किंवा विमा कंपनीकडे पाठवायची फाइल) जायला किती दिवस लागतात ते मोजलं तर अर्ध्या फायली ओटी नोट्सवर (ऑपरेशनच्या नोंदीवर) सही नाही म्हणून टेबलावर पडलेल्या, अन सही कोणाची बाकी, तर सरांचीच 😄 आधी ते बघा.

मूळ प्रश्नकर्ता: हा हा, आमच्याकडेही तेच निघणार. १२ महिन्यांचं काढतो, डेंग्यूच्या सीझनमध्ये बेड फुल असतात, त्या एका महिन्यावरून काही कळणार नाही.

उत्तर १: बरोबर. अन सरांना एकटं गाठून दाखवा, मीटिंगमध्ये नको.