मॉडेल रेल्वेसाठी मदत हवी आहे: एचओईच्या लाइनला एन स्केलचा ट्रॅक चालेल का?

मंडळी, माझ्या मॉडेलची मुख्य लाइन एचओ आहे: स्केल १:८७, गेज (दोन रुळांमधलं अंतर) १६.५ मिमी, कोड ८३ रूळ (उंची ०.०८३ इंच). तिला लागून डोंगरातली नॅरो गेज शाखा टाकायची आहे. प्रोटोटाइप, म्हणजे खरी रेल्वे, ७६० मिमी गेजची. ८७ने भागलं की ८.७ मिमी, म्हणजे एचओई (एचओ स्केलमधली नॅरो गेज), गेज ९ मिमी. (मीटर गेज असता तर ११.५ येऊन १२ मिमीच्या एचओएमकडे जावं लागलं असतं.)

एनचं गेजही ९ मिमीच, त्यामुळे गाड्या त्यावर धावतील यात शंका नाही. अडचण एन ट्रॅकच्या स्लीपरची (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या). ते एनच्या १:१६० स्केलसाठी ओतलेले असतात, त्यामुळे एचओच्या माणसाशेजारी बारीक आणि फार दाट दिसतात. खडीत अर्धे बुडवले तरी दाटी लपत नाही. रुळाखालचे प्लास्टिकचे जोड कापून एकाआड एक स्लीपर काढला तर उरलेल्यांचं अंतर ठीक दिसतं, पण फ्लेक्स ट्रॅक (हाताने वाकवता येणारा) वाकवताना वळणावर गेज पसरून चाक आत पडेल अशी धास्ती आहे. आधी चिकटवून, गोंद सुकल्यावर स्लीपर काढले तर गेज टिकतं का? की मधेमधे पीसीबीचे (तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डचे) स्लीपर सोल्डर करावेत?

शिवाय मुख्य लाइनवर काही ओओ (ब्रिटिश मॉडेल स्केल) डबे आहेत. गेज तेच १६.५, पण स्केल १:७६.२, म्हणजे डबा सुमारे १४ टक्के मोठा. रूळ बदलावे लागणार नाहीत. बोगद्याचं तोंड आणि वळणावरचा प्लॅटफॉर्म यांना किती जागा जास्त ठेवता?