मदत हवी आहे : सार्क देशांच्या उत्पन्नातली दरी मोजायची कशी?

नमस्कार मंडळी. पुण्यात एमए अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. सार्कमधले देश दरडोई उत्पन्नात एकमेकांना गाठताहेत का, हा प्रबंधाचा विषय. जागतिक बँकेची क्रयशक्तीवर आधारलेली (म्हणजे देशादेशांतल्या किमतींचा फरक धरून काढलेली), महागाई वगळलेली मालिका घेतलीये, १९९० पासूनची.

आर्थिक वाढीच्या सोलो मॉडेलनुसार, बाकी परिस्थिती सारखी असेल तर, मागे असलेला देश जास्त वेगाने वाढायला हवा. पण सार्कमध्ये देश आठच, त्यात अफगाणिस्तानचे नव्वदच्या दशकातले आकडेच नाहीत. सुरुवातीचं उत्पन्न आणि वाढीचा वेग यांच्या आलेखावर उरलेल्या मोजक्या ठिपक्यांतून रेषा काढायची, तर एकटा मालदीव ठेवला-काढला की उतार हलतो. पर्यटनावर जगणारा, जेमतेम पाच लाख वस्तीचा देश बांगलादेशाच्या पंगतीला बसवायचा का? माझं मत नको असं, पण सरांना कारण लेखी हवंय.

दुसरा गुंता पाकिस्तानचा. १९९० मध्ये तो आपल्या पुढे होता. आपण त्याला गाठलं आणि पुढेही गेलो, त्यामुळे आधी मिटलेलं अंतर उलट बाजूने पुन्हा वाढतंय. गरीब देश वेगाने वाढले तरी एकूण तफावत कमी होतेच असं नाही, हे पुस्तकात वाचलं होतं. इथे ते डोळ्यांसमोर दिसतंय.

आता विचारायचं ते असं: पॅनेल रिग्रेशन (सगळे देश, सगळी वर्षं एकत्र घेऊन) करू, की दोन-दोन देशांच्या लॉग उत्पन्नातल्या फरकावर युनिट रूट चाचणी (फरक स्थिरावतो की भटकत राहतो हे पाहणारी)? दुसरं केलं तर श्रीलंकेच्या २०२२ च्या संकटाचा खड्डा कसा हाताळायचा? कुणी आर (R) या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये हे केलं असेल तर पॅकेजचं नाव सांगा. गोखले इन्स्टिट्यूटच्या आसपास कुणी भेटणार असेल तर चहा माझ्याकडून.