उ: दिल्ली-टोकियो: जाताना कमी, येताना जास्त वेळ का?

दिल्ली-टोकियो विमानप्रवासाला प्रत्यक्षात जास्त वेळ का लागतो, असा प्रश्न विचारताना एक गणित मांडलंय: सरळ अंतर ५,८५० किमी भागिले विमानाचा वेग ताशी ९०० किमी, म्हणजे साडेसहा तास. गणित बरोबर, पण विमान नकाशावरच्या सरळ रेषेवरून जात नाही. ती रेषा तिबेटच्या पठारावरून जाते. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटपट दहा हजार फुटांवर उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू जेमतेम पंधरा मिनिटं पुरतो. तिथे तर जमीनच चौदा-पंधरा हजार फुटांवर! म्हणून बहुतेक विमानं दक्षिणेकडून, म्यानमार आणि दक्षिण चीनवरून वळसा घालतात.

खरी गंमत वाऱ्याची. हिवाळ्यात जपानच्या डोक्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम (खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा) सुसाट वाहतो, ताशी दोनशे-तीनशे किमी सहज. जानेवारीत जाताना समोरच्या स्क्रीनवर वेग ताशी १,०८० दिसत होता, मी शेजाऱ्याला उठवून दाखवला (त्याला फारसं कौतुक वाटलं नाही). परतताना तोच आकडा ७०० च्या आसपास रेंगाळत होता. त्यामुळे जाताना साधारण साडेसात तास, येताना नऊ-साडेनऊ. उन्हाळ्यात हा फरक कमी होतो.

आणि तिकिटावरच्या वेळा थेट वजा करू नका, त्या स्थानिक असतात. रात्री आठला निघून सकाळी सातला पोचलात तर अकरा तास नव्हेत, जपान साडेतीन तास पुढे आहे.