चॅटबॉटला व्हिडिओ जात नाही, यात चूक माणसाची का अ‍ॅपची?

निफाडची बाग
गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) होऊन महिना झालेला, रात्री पाऊस येऊन गेला आणि सकाळी वडिलांना द्राक्षाच्या पानांवर तेलकट डाग दिसले, पान उलटं केलं तर खाली पांढरी बुरशी. डाऊनी हा बुरशीचा रोगच असणार असं त्यांना वाटत होतं पण फवारणीआधी खात्री करायची होती. माझा जुना आयफोन त्यांच्याकडे आहे, त्यावर ओळीतून चालत सव्वा मिनिटाचा व्हिडिओ काढला आणि एका एआय चॅटबॉटला टाकला. बराच वेळ गोल फिरत राहिलं, रेघ शेवटपर्यंत गेली आणि मेसेज आला, "काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा." मेसेजच सांगतोय म्हणून त्यांनी परत केलं. मग परत. तिसऱ्यांदा तर दिवसाचा दीड जीबीचा पॅकच संपला आणि दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा बंद.

संध्याकाळी मी फोन करून बघायला सांगितलं तेव्हा कळलं की कॅमेरा फोरके (खूप बारीक, मोठं चित्र), सेकंदाला साठ फ्रेमवर सेट होता. त्या सेटिंगला आयफोन मिनिटाला 400 एमबीच्या आसपास जागा खातो, हे कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं. म्हणजे सव्वा मिनिटाचे 500 एमबी, तीनदा गेले, हिशोब तुम्हीच करा. माझं म्हणणं एवढंच आहे की कारण न सांगता "पुन्हा प्रयत्न करा" म्हणणं हे चुकीचं आहे. फाइल मोठी असेल तर मोठी आहे म्हणा, फॉरमॅट चालत नसेल तर तसं म्हणा.

एडिटिंगवाला
दादा, वडिलांचा त्रास समजतो पण मी नाही सहमत. आपण काढलेली फाइल किती मोठी आहे हे बघणं आपलंच काम आहे. ट्रकमध्ये माल भरताना वजन आपण करतो ना? गॅलरीत व्हिडिओ उघडून माहितीवर टॅप केलं की साइज, रिझोल्यूशन, कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) सगळं दिसतं, दोन मिनिटांचं काम. बॉटला पान दाखवायला फोरके लागतच नाही. त्याहून कमी, 1080पी तीस फ्रेमवर ठेवा, मिनिटाला 60 एमबी होतात, तुमचा तोच व्हिडिओ 75 एमबीत बसला असता.

साताऱ्याची बाई
मी शाळेत शिकवते, माझ्याकडे साइजचा प्रश्नच नव्हता, 40 एमबीची क्लिप होती मुलांच्या प्रयोगाची. ती पण फेल. कुणीतरी सांगितलं की आयफोनची एमओव्ही फाइल चालत नाही, एमपीफोर कर, म्हणून मी फाइलचं नाव बदलून शेवटी एमपीफोर लिहिलं, तरी नाही गेली. आता यात मी काय वजन करायचं होतं ते सांगा.

एडिटिंगवाला
ताई, नाव बदलून काही होत नाही. एमओव्ही आणि एमपीफोर हे नुसते डबे आहेत, आत भाजी कुठली आहे ते महत्त्वाचं. 2017 पासून म्हणजे आयओएस 11 पासून नवे आयफोन व्हिडिओ एचईव्हीसी या कोडेकमध्ये काढतात, त्याने फाइल लहान होते पण सगळीकडे ती उघडतेच असं नाही. जुनं एच264 जवळपास सगळीकडे चालतं. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये जाऊन "मोस्ट कम्पॅटिबल" करा, पुढचे व्हिडिओ एच264मध्ये येतील. आधी काढलेला कॉम्प्युटरवर हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बदलून घ्या, फुकट आहे.

साताऱ्याची बाई
धन्यवाद, करते. पण हे तुम्ही सांगितलंत, अ‍ॅपने नाही.

बॅकएंडवाला
मी असंच अपलोडचं काम करतो (चॅटबॉट नाही, दुसरं प्रॉडक्ट) म्हणून दुसरी बाजू सांगतो. फाइल तीन ठिकाणी अडू शकते. नेटवर, मग सर्व्हरवर उघडताना, मग मॉडेलकडे देताना. तिन्हीकडून येणारे एरर शेकड्यांनी असतात आणि सगळे माणसाच्या भाषेत लिहायचे तर खरंच अवघड जातं, कधीकधी आम्हालाही लॉग (सर्व्हरवरची नोंद) बघितल्याशिवाय कळत नाही.

मोटामोटी ओळखायचं असेल तर फाइल निवडल्या निवडल्या नकार आला तर साइज नाहीतर फॉरमॅट, किंवा त्या बॉटला व्हिडिओ चालतच नसेल, बरेच बॉट फक्त फोटो आणि पीडीएफ घेतात. रेघ मधेच अडकली तर नेट, किंवा स्क्रीन लॉक झाली आणि फोनने अ‍ॅप मागे ढकललं. पूर्ण जाऊन मग फेल झालं तर बहुतेक कोडेक नाहीतर लांबी. आणि शेतातल्या नेटला अपलोडचा स्पीड 3 एमबीपीएस धरला तरी 500 एमबीला बावीस मिनिटं लागतात, कारण एमबीपीएसमधला बी हा बिट असतो, आठाने भागावं लागतं. तेवढा वेळ स्क्रीन चालू ठेवून कोण बसतं?

निफाडची बाग
तुम्ही या कामातले आहात म्हणून सरळ विचारतो. फाइलची साइज अपलोड सुरू व्हायच्या आधी अ‍ॅपला कळते का नाही?

बॅकएंडवाला
कळते. साइज लगेच कळते, लांबी पण काढता येते, एकही एमबी न पाठवता. कोडेकचं थोडं किचकट आहे. साइजची तपासणी आधी न करणं याला माझ्याकडे उत्तर नाही, ते करायलाच पाहिजे.

फोटोच बरा
तुम्ही सगळे अपलोडवर भांडताय पण व्हिडिओ टाकून मिळतं काय तेही बघा. गुगलच्या जेमिनी या एआयच्या डेव्हलपर माहितीत लिहिलंय की व्हिडिओतून सेकंदाला एक फ्रेम घेतली जाते, हे डिफॉल्ट. म्हणजे तुम्ही साठ फ्रेमने काढलेल्या सेकंदातल्या एकोणसाठ त्याने बघितल्याच नाहीत. चालताना काढलेली ती एक फ्रेम हललेली असली तर संपलं. पानाचे दोन फोटो, वरून एक आणि खालून एक, उजेडात, जवळून. व्हिडिओची हौस कशाला?

निफाडची बाग
हौस नाहीये हो. पानाला फोटो पुरतो, बागेला नाही पुरत. वडिलांना दाखवायचं होतं की डाग कुठल्या ओळीत जास्त आहेत, खालच्या अंगाला जिथे पाणी साचतं तिथे का सगळीकडे, त्यावर फवारणी कुठून सुरू करायची ते ठरतं. चालता चालता ते बोलत होते, इथे बघ, इथे कमी आहे, तो आवाज पण त्यातच होता. फ्रेमचं मात्र तुमचं बरोबर, आता थांबून थांबून काढायला सांगतो.

एडिटिंगवाला
साइज आधी तपासता येते हे मान्य, तिथे मी मागे हटतो. पण फोन वापरणाऱ्याने स्वतःच्या कॅमेऱ्याची सेटिंग माहीत करून घ्यावी यावर मी ठाम आहे. अ‍ॅप उद्या बदलेल, फोन तुमच्याच हातात राहणार.

निफाडची बाग
मी शिकलो आणि त्यांना शिकवलं पण. फोनवर बोलून सेटिंग बदलायला अर्धा तास गेला, "फॉरमॅट्स" शब्द त्यांना सापडत नव्हता कारण फोन इंग्रजीत आहे. परवा 1080पीवर काढलेला पाऊण मिनिटाचा व्हिडिओ पहिल्या झटक्यात गेला. पण आमच्या शेजारच्या बागेतल्या काकांना फोन करून सांगणारं कुणी नाही, त्यांच्या फोनवर कालही तेच आलं, काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा.