गिटलॅबचा मिरर बॅकअप गिटहबवर चढत नाही

प्रश्न: आमचा कोड गिटलॅबच्या सर्व्हरवर आहे, तो गिटहबवर न्यायचाय. गिटलॅबवरून गिट क्लोन --मिररने (पूर्ण इतिहासासकट हुबेहूब प्रत) घेतलेला बॅकअप आहे. गिटहबवर रिकामी रेपो (कोडचा साठा) करून पुश --मिरर केलं, तर 130 एमबीच्या एका झिपवर अडतं. ती फाइल डिलीट करून कमिट केलं, तरी तोच एरर. जुना गिटलॅब सर्व्हर अजून आठवडाभर चालू आहे.

उत्तर: डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये (इतिहासातल्या नोंदींमध्ये) ती आहेच. गिटहब 100 एमबीच्या वरची फाइल घेत नाही. बॅकअपची प्रत काढा आणि प्रतीवरच गिट एलएफएस मायग्रेट इम्पोर्ट --एव्हरीथिंग --अबव्ह=100एमबी चालवा. एलएफएस म्हणजे मोठ्या फाइली गिटच्या इतिहासाबाहेर वेगळ्या ठेवायची सोय. कमिटचे हॅश (ओळख क्रमांक) बदलतील, त्यामुळे सगळ्यांना नव्याने क्लोन करावं लागेल. मग --मिरर नको. फक्त ब्रँच आणि टॅग पुश करा. --मिररसोबत जाणारे मर्ज रिक्वेस्टचे (गिटलॅबवरच्या बदल-प्रस्तावांचे) रेफ, म्हणजे कमिटकडे बोट दाखवणारी नावं, तिकडे नुसती अडगळ.

उत्तर: आधीपासून एलएफएस वापरत असाल तर सर्व्हर बंद व्हायच्या आत गिट एलएफएस फेच --ऑल करून घ्या. मिररमध्ये एलएफएसच्या फाइलींचे फक्त पॉइंटर (फाइलीच्या जागी ठेवलेली छोटी खूण) येतात, खऱ्या फाइली नाहीत. गिटहबवर आधी एलएफएस पुश --ऑल, नंतर ब्रँच. उलट केलंत तर अनोळखी ऑब्जेक्ट म्हणून पुश परत येतो. एका पुशला 2 जीबीची मर्यादाही आहे. रेपो जाडजूड असेल तर जुन्या कमिटपासून टप्प्याटप्प्याने चढवा.

उत्तर: विकी वेगळी रेपो असते, ती स्वतंत्र क्लोन करा. इश्यू (नोंदवलेल्या अडचणी आणि कामं) गिटमध्ये नसतातच, ते गिटलॅबच्या एपीआयने (प्रोग्रॅममधून माहिती मागायची सोय) काढा.