पुगा खोऱ्यातली भूगर्भीय वीज: केंद्र हवं, पण गरम पाणी जाणार कुठे?

काटेकोर:
लडाखच्या पुगा खोऱ्यात, सुमारे 4,400 मीटर उंचीवर, 1 मेगावॅटच्या भूऔष्णिक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेवर चालणाऱ्या, वीजकेंद्राचा करार ओएनजीसीने फेब्रुवारी 2021 मध्ये लडाख प्रशासन आणि लेहच्या पर्वतीय विकास परिषदेशी केला. ऑगस्ट 2022 मध्ये खोदताना खालचं द्रव पुगा नाल्यात गेलं आणि काम थांबलं. तरी केंद्र व्हायलाच हवं, असं माझं मत. 1970 च्या दशकातच तिथे 34 बोअर झाले, सर्वांत खोल 385 मीटर. ऐन हिवाळ्यात, रात्रीसुद्धा चालणारी वीज तिथे दुसरी कुठली? डिझेल ट्रकने वर चढवावं लागतं.

रानवाट:
1 मेगावॅटला पाणी किती, ते आधी बोला. 140 अंशांचं पाणी 70 पर्यंत उतरवलं आणि कार्यक्षमता 10 टक्के धरली, तर सेकंदाला 34 लिटर, म्हणजे तासाला 120 टन. त्यात बोरॉन भरपूर, आणि ते जास्त झालं की गवत जळतं. पुग्यात टाकणखार, बोरॉनचाच क्षार, जमिनीवरच पांढरा साचतो. झऱ्यांचं थोडं पाणी नाला आजवर पचवत आलाय, 120 टन नाही पचवणार. खालच्या ओल्या कुरणावर चांगपा या भटक्या पशुपालकांच्या पश्मिना शेळ्या आणि याक जगतात. काळ्या मानेचे क्रौंचही तिथलेच.

काटेकोर:
बायनरी केंद्रात ते पाणी उघड्यावर येतच नाही. उष्णता पेंटेनला, म्हणजे कमी तापमानाला उकळणाऱ्या द्रवाला, देतं, पेंटेनची वाफ टर्बाइन फिरवते, पाणी दुसऱ्या बोअरमधून खाली परत.

विंधण:
कागदावर. परतीचा बोअर तुंबतो, हे दोघांनीही धरलेलं नाही. पाणी फार थंड केलं की त्यात विरघळलेली सिलिका, वाळूतलंच खनिज, आत बसते, म्हणून जास्त वीज काढायच्या मोहाला मर्यादा हवी. वर येणाऱ्या बोअरमध्ये दाब उतरून बुडबुडे सुटतात तिथे चुन्याचा थर धरतो. त्याच्या खालपर्यंत बारीक नळीने थर रोखणारं रसायन सोडावं लागतं. केसिंगमागचं, म्हणजे बोअरच्या पोलादी नळीमागचं, साधं सिमेंट 110 अंशांच्या वर कमजोर होत जातं, त्यात वजनाने 35-40 टक्के सिलिकाची भुकटी हवीच, नाहीतर गरम पाणी केसिंगच्या बाहेरून वर चढतं. परतीचा बोअर एकच असेल तर तो तुंबला की उरतात दोनच मार्ग: केंद्र बंद, नाहीतर पाणी नाल्यात. बंद कोण करणार? म्हणून परतीचे बोअर दोन, आणि तेही पहिल्या दिवसापासून.

रानवाट:
आणि चाचणीचं पाणी? आठवडाभर बोअर सोडून पाहायचा तर 20,000 घनमीटर. एवढं तळं त्या अरुंद खोऱ्यात कुरणावरच येणार.

विंधण:
म्हणूनच परतीचा बोअर आधी. मग चाचणीचं पाणी तसंच खाली घालता येतं. अस्तर लावलेलं तळं काही तासांपुरतं, अडचणीसाठी.

भेगरेषा:
भूकंपाचं काय? दक्षिण कोरियात पोहांगला 2017 मध्ये 5.4 चा धक्का बसला. तो भूऔष्णिक प्रकल्पामुळेच, असं सरकारी चौकशीत निघालं.

विंधण:
तिथे कोरडा खडक फोडायला दाबाने पाणी घातलं होतं. पुग्यात पाणी आणि भेगा निसर्गतःच आहेत. तरी परतीचा दाब खडक फुटण्याच्या मर्यादेखालीच हवा.

रानवाट:
मग माझी अट एवढीच: खोदण्याआधी वर्षभर नाल्यातलं बोरॉन दर महिन्याला मोजा आणि आकडे गोबांकडे, म्हणजे गावच्या मुखियांकडे, ठेवा.

काटेकोर:
आकडे गोबांकडे, मान्य. वर्षभर थांबणं नाही. खोदायला उन्हाळ्याचे मोजके महिने मिळतात. एक हंगाम हुकला की आणखी एक हिवाळा डिझेलवर.

रानवाट:
कुरण जळालं तर किती हिवाळे जातील, तेही मोजा.