जुनी फेरारी ३६० मोडेना घ्यावी का? (बायकोने अजून ‘नाही’ म्हटलेलं नाही)

कोलंबसकर

मंडळी, प्रश्न जरा लाज वाटावी असाच आहे, पण विचारतो.

२००२ साली सचिनने ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली आणि फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना दिली. सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हातून. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, डोंबिवलीहून रोज लोकलने. पुढच्या वर्षी त्या गाडीच्या कस्टम ड्युटीचं प्रकरण गाजलं. माफ करावी की नाही यावर आमच्या कँटीनमध्ये दोन तट पडले होते. शेवटी ड्युटी फियाटने भरली. मी गाडी प्रत्यक्ष कधी पाहिली नाही, पेपरातला फोटो मात्र कापून ड्रॉइंग बोर्डच्या मागे चिकटवला होता.

आता ओहायोत आहे. घराचं कर्ज बरंचसं फिटलंय, मुलगी बारावीत. आणि मला तीच गाडी विकाऊ दिसली आहे. २००१ची ३६० मोडेना, लाल, आत फिक्या रंगाचं लेदर, एफ१ गिअरबॉक्स (क्लचचं पेडल नसलेला). चोवीस वर्षांत फक्त ९,२०० मैल! मागतोय ८४ हजार डॉलर. नवीन एसयूव्ही बरी घेतली तर त्याच्या जवळपास जाते, हा युक्तिवाद मी घरी करून पाहिला. बायको सीए आहे. तिने फक्त एवढंच विचारलं, “वर्षाला खर्च किती?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर, ज्यांनी अशी गाडी खरंच पाळली आहे त्यांनी सांगा. इतकी कमी चाललेली आहे म्हणजे टिकाऊ निघेल ना? आणि पुढेमागे परत आलोच तर भारतात नेता येईल का?

पुणेरी_पिस्टन

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली हवी आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. तुमची दोन्हीत नापास. आणली असती तरी आमच्या सोसायटीच्या गेटपाशी जो स्पीडब्रेकर आहे तिथे पुढचा बंपर ठेवून आत यावं लागलं असतं.

बाकी, एवढ्याच पैशात तुमच्याकडे इंजिन मध्ये असलेली कॉर्व्हेट मिळते, २०२०च्या पुढची. शेवरलेच्या डीलरकडे सर्व्हिस होते. फोटोच चिकटवायचा तर तिचा चिकटवा.

एडिसनचे_नाना

कोलंबसकर, मी एकसष्ट वर्षांचा आहे, तेव्हा अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

माझ्याकडे २००३ची ३६० एफ१ सात वर्षं आहे. २०१८ला घेतली तेव्हा २६ हजार मैल झाले होते, आज ३८ हजार आहेत. मी पहिल्या दिवसापासून वहीत खर्च लिहितो (आमचे वडील रेशनचाही हिशेब लिहायचे). टायमिंग बेल्ट दोनदा, मिळून ८,०००. क्लच ५,८००. बॉल जॉइंट आणि माउंट २,७००. एक्झॉस्टचे हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप) बदलले ४,२००. टायर १,५००. चिकट बटणं ९००, त्यावर येतोच. दरवर्षीचं ऑइल साडेचारशेच्या आसपास, इन्शुरन्स बाराशे. सात वर्षांची बेरीज ३४,६५०. पेट्रोल त्यात नाही. मैलाला पावणेतीन-तीन डॉलर पडले. वहिनींना हा आकडा सांग, वर्षाला पाच हजार. पण ही *सांभाळलेल्या* गाडीची वही आहे आणि मी हौसेपुरतीच चालवतो. न सांभाळलेलीची वही पहिल्याच वर्षी भरते.

आता तुझ्या गाडीकडे येतो. ९,२०० मैल वाचून तू खूष झालास आणि मला धडकी भरली. चोवीस वर्षांत एवढंच, म्हणजे वर्षाला चारशेही नाहीत. ही गाडी चालली नाही, बसून राहिली. बसलेल्या गाडीचे सील सुकतात, पेट्रोल शिळं होतं, टायर एकाच जागी चपटे होतात. शिवाय ओहायोच्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये उंदीर, वायरी त्यांच्या आवडीच्या. बंद घरासारखं आहे. माणसं राहत असली की नळाला पाणी गळतं ते त्याच दिवशी कळतं.

या इंजिनाची खरी गोम म्हणजे बेल्ट. ३६०ला टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात ठेवणारा रबरी पट्टा, पुढच्या एफ४३०पासून चेन आली. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि दर सिलिंडरला पाच याप्रमाणे चाळीस व्हॉल्व्ह आहेत. मग गाडीच्या किमतीची भाषा सुरू होते. आणि बेल्ट मैलांवर म्हातारा होत नाही, वर्षांवर होतो, रबरच ते. तीन वर्षांनी बदला म्हणतात, बरेच मालक पाचापर्यंत ओढतात. मी चारला बदलतो. सोबत बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचे बेअरिंगही. एवढं सुख आहे की आधीच्या एफ३५५मध्ये बेल्टसाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागायचं. ३६०मध्ये सीटच्या मागचं झाकण काढलं की हात पोचतो, म्हणून मजुरी निम्म्यावर येते. ज्याला ‘फेरारी परवडते’ असं वाटलं तो बहुतेक याच झाकणातून आत शिरलेला असतो, मीसुद्धा.

क्लच. एफ१ म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच तुझ्या पायाऐवजी हायड्रॉलिक पंप दाबतो. सिग्नलला गिअरमध्ये ठेवून इंच-इंच सरकलास की क्लच जळतो. सगळ्यात वाईट म्हणजे चढावर रिव्हर्स. तुझ्या ड्राइव्हवेला चढ आहे का? असेल तर आधीच विचार कर. मी घराशी नाक आत घालून लावतो आणि बाहेर काढताना उतारावर रिव्हर्स येतो. माझा पहिला क्लच मागच्या मालकाने सिग्नलवर खाल्ला होता, दुसरा अजून मजेत आहे. क्लच किती शिल्लक आहे हे फेरारीचा टेस्टर लावला की टक्क्यांत वाचता येतं. तो आकडा न पाहता टोकनचा चेक फाडू नकोस. पंपाचा एक छोटा रिले (विजेचा स्विच) असतो, तो अडकला की पंप चालूच राहून जळतो. रिले थोडक्यात येतो, पंप थोडक्यात येत नाही. मी तो आल्या-आल्या बदलून टाकला.

हेडर मी का बदलले ते सांगतो. मूळच्या हेडरमध्ये धूर शुद्ध करणारे छोटे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेले असतात. म्हातारपणी त्यांचा भुगा होतो आणि तो भुगा इंजिन उलटा ओढून घेऊ शकतं. गार इंजिन सुरू केल्यावर मागून डबा हलवल्यासारखा खडखडाट आला तर समजायचं.

बटणांचं हसू येतं. आतल्या स्विचांवर मऊ रबरी लेप असतो, तो वितळून गुळाच्या ढेपेसारखा होतो. एसीचं बटण दाबलं की बोट काळं. आमची हिला पहिल्यांदा बसवलं तर म्हणाली, “एवढे पैसे देऊन डांबर?” काढून, साफ करून परत लावून देणारे लोक आहेत, मी टपालाने पाठवली होती.

तुला विकत घ्यायचीच असेल तर विकणाऱ्याच्याच मेकॅनिककडून नाही, तर इटालियन गाड्या करणाऱ्या दुसऱ्या गॅरेजमधून तपासणी करून घे. कॉम्प्रेशन (सिलिंडर हवा किती दाबतो) आणि लीकडाऊन (किती गळू देतो) दोन्ही. आणि बिलं माग, ‘सगळं झालंय’ हे वाक्य नको.

झुफेनहाउझनची_मीनल

मी स्टुटगार्टला असते. माझ्याकडे १९९९ची पोर्शे ९९६ आहे. ती फेरारी नाही हे मला माहीत आहे, नवऱ्याने कितीदा तरी आठवण करून दिली आहे.

नानांच्या ‘बसलेल्या गाडी’ला माझ्याकडूनही अनुमोदन. ९९६ विकत घेताना सगळे एकाच बेअरिंगची भीती घालतात. इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या टोकाला एक बंद बॉल बेअरिंग असतं, ते गेलं की टायमिंग गेलं आणि इंजिनही गेलं. अमेरिकेत यावर कोर्टात सामूहिक दावाही झाला होता. ९९६ टर्बो आणि जीटी३मध्ये इंजिनच वेगळं, तिथे हे दुखणं नाही, म्हणून त्यांचे भाव वेगळे. मी काय केलं? क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरलेला असतोच, त्याच वेळी बेअरिंगही बदलून घेतलं. तेव्हापासून प्रत्येक ऑइल बदलाला फिल्टर कापून घडीघडीत धातूचे कण आहेत का ते स्वतः पाहते. हॉबी म्हणून वाईट नाही, तळहात मात्र आठवडाभर वास मारतात.

पण बऱ्याच ९९६ यापैकी काहीही न होता चालतात, आणि त्या बहुतेक रोज वापरातल्या असतात. माझीवर एक लाख ७० हजार किलोमीटर झालेत. इथे सीझनची नंबरप्लेट मिळते, प्लेटवरच महिने छापलेले असतात. माझी मार्च ते ऑक्टोबर. तेवढ्याच महिन्यांचा कर आणि विमा. उरलेले चार महिने गाडी चार्जरला लावलेली. तुमच्याकडे असं काही नसेल तर निदान बॅटरी मेंटेनर लावा, नाहीतर वसंतात पहिला दिवस जंप स्टार्टमध्ये जातो.

एक विचारू? गाडी चालवायची आहे की फोटो पुन्हा चिकटवायचा आहे? दोन्ही चालेल, पण त्यासाठी गाड्या वेगळ्या घ्याव्या लागतात.

कोलंबसकर

नाना, मीनलताई, आभार. शनिवारी तपासणी झाली, त्याचं सविस्तर सांगतो.

ड्राइव्हवेला चढ आहे, नाना. तुम्ही विचारल्यावर पहिल्यांदा मोजला. बायकोने मोजपट्टी धरली.

गॅरेज घरापासून सव्वा तासावर. म्हातारा मेकॅनिक, बोलत नाही. ६५० डॉलर घेतले. गाडी लिफ्टवर चढवली तेव्हा मी खालून पाहिलं आणि, खरं सांगतो, पाच मिनिटं काही ऐकूच आलं नाही. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, मागे काचेखाली लाल इनटेक. तो मात्र टॉर्च घेऊन वॉटर पंपाकडे बघत होता. तिथे पांढरट ओघळ सुकलेला. क्लच ७१ टक्के संपलेला. ९,२०० मैलांत! म्हणजे ते मैल बहुधा गॅरेजमधून बाहेर, गॅरेजमध्ये आत असेच झाले असणार. टायरवरचा आकडा २३१२, म्हणजे २०१२चा तेविसावा आठवडा. नक्षी अगदी नवी, रबर लाकडासारखं. गार सुरू केल्यावर तुमचा डबा हललाच. सात सिलिंडरचं लीकडाऊन चांगलं, एकाचं जरा जास्त. त्यावर तो म्हणाला की गाडी महिनाभर चालवून पुन्हा मोजायला हवं, आत्ता काही सांगत नाही.

बटणं काळी झाली. माझा अंगठा अजून.

पण खरी गोष्ट पुढेच. विकणाऱ्याने जाहिरातीत लिहिलं होतं, ‘बेल्ट सर्व्हिस २०१७’. बिल दिलंही. मी पाहिलं, रक्कम पाहिली, ठीक वाटलं. बायकोने ते रविवारी सकाळी चहा घेता घेता वाचलं आणि मला हाक मारली. बिलात मजुरी आहे, ऑइल आहे, फिल्टर आहे, ब्रेक फ्लुइड आहे. बेल्ट नावाची वस्तू कुठेच नाही. खाली एक ओळ: ‘बेल्ट पाहिले, ठीक.’ पाहिले! मग ती पूर्ण फाईल घेऊन बसली, पिवळ्या चिकट चिठ्ठ्या लावत. बेल्टचा पार्ट नंबर असलेलं शेवटचं बिल २००९चं निघालं. म्हणजे सोळा वर्षांचे बेल्ट लावून तो माणूस ती गाडी मला चालवून दाखवत होता, आणि मी शेजारच्या सीटवर बसून “अजून थोडं दाबा” म्हणत होतो.

मेकॅनिकचा अंदाज सगळं धरून १७ हजार. विकणाऱ्याला कळवलं. तो तीन हजार कमी करतो म्हणतो, वर असंही म्हणाला की शनिवारी दुसरा एक जण रोख घेऊन येतोय.

एडिसनचे_नाना

येऊ दे त्याला.

वहिनींना माझा नमस्कार सांग. माझी वहीही एकदा तपासून देतील का विचार.

पुणेरी_पिस्टन

कॉर्व्हेट.

कोलंबसकर

नाना, नाही घेतली. त्याला फोन करून सांगितलं तेव्हा आवाज थोडा बसला होता, पण सांगितलं.

आता पेनसिल्व्हेनियात एक आहे. २००२ची, मॅन्युअल नाही, एफ१च. ४१ हजार मैल. मालक निवृत्त डेंटिस्ट, रविवारी बायकोला घेऊन फिरायचे. फोनवर मी बेल्टचं विचारलं तर त्यांनी तारीख, मैल आणि रक्कम न अडखळता सांगितली. गेल्या वर्षीच झालेत. क्लच २०२१चा. चिकट बटणांबद्दल विचारलं तर हसले आणि म्हणाले, “दोनदा.” फाईल दोन बाइंडरची आहे, एक स्कॅन करून पाठवलाय. तो सध्या आमच्या डायनिंग टेबलावर प्रिंट होऊन पडलाय आणि मला हात लावायला परवानगी नाही.

एकच अडचण आहे. गाडी करडी आहे. सचिनची लाल होती.

झुफेनहाउझनची_मीनल

पेपरातला तो फोटो रंगीत होता का?

कोलंबसकर

नाही. कृष्णधवल.